लंगोट बघायला शिका: कोल्हापुरातल्या नव्या आईबाबांसाठी बाळाचं पोट आणि लिव्हर

मोबाइलमध्ये बारशाचे पावणेदोनशे फोटो, आणि त्यांच्या मधोमध लंगोटाचे तीन. सहा आठवड्यांच्या मुलाला लस द्यायला आलेल्या एका बापानं ते माझ्यापुढं धरले आणि लाजत म्हणाला, "सिस्टर, एवढं बघता काय? आई म्हणत्यात, दुधाचीच शी हाय, पांढरी असणारच." मी बघितलं, डॉक्टरांनी बघितलं, आणि त्या दिवशी लस बाजूलाच राहिली. पुढं काय झालं ते ओघात येईलच.

लहान मुलांच्या वॉर्डात आणि ओपीडीत वीस-बावीस वर्षं काढल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. नव्या आईबाबांना आजारांची नावं पाठ नसली तरी चालतं, रंग मात्र ओळखता आले पाहिजेत. शी पांढरी, उलटी हिरवी, शू गडद पिवळी, शीत रक्त. यातलं काही दिसलं की वाट बघायची नाही. बाकीचं बरंचसं धीरानं आणि वाटी-चमच्यानं निभतं. आपल्याकडं नेमकं उलटं होतं. बाळ रडलं म्हणून रात्री दोनला दवाखान्याचं दार वाजतं, आणि पांढऱ्या शीकडं महिनाभर कुणी लक्ष देत नाही.

पायऱ्या वयाप्रमाणं लावल्यात. तुमचं बाळ ज्या पायरीवर असेल तिथून वाचलं तरी चालेल.

पायरी १: पहिले दोन दिवस

पहिली शी काळपट हिरवी, डांबरासारखी चिकट असते. बहुतेक बाळं ती २४ तासांत करतात. ४८ तास उलटले, शी नाही आणि पोट फुगतंय, तर आतड्याच्या शेवटच्या भागातल्या मज्जातंतूंचा जन्मजात दोष तर नाही ना हे बघावं लागतं. अशा वेळी घरी एरंडेल चाटवत बसू नका.

डिस्चार्जच्या कागदावर दोन गोष्टी शोधा. जन्मल्यावर २४ तासांत दिलेला हिपॅटायटिस बी लसीचा डोस आणि व्हिटॅमिन केचं इंजेक्शन. दिसलं नाही तर तिथल्या तिथं विचारा, संकोच कसला.

पायरी २: पिवळेपणा

निम्म्याहून जास्त नवजात बाळं पहिल्या आठवड्यात थोडीफार पिवळी पडतात. बाळाच्या लाल पेशी भराभर फुटतात, त्यातून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं, आणि ते बाहेर टाकायला लिव्हर अजून सरावलेलं नसतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसणारा, चौथ्या-पाचव्याला वाढणारा आणि दोन आठवड्यांत ओसरणारा हा पिवळेपणा बहुधा निरुपद्रवी असतो. पण पहिल्या २४ तासांतच बाळ पिवळं दिसलं, पिवळेपणा तळहात-तळपायापर्यंत उतरला, किंवा बाळ सुस्त पडून दूध ओढेना, तर त्याच दिवशी तपासणी करून घ्या. बिलिरुबिन फार चढलं तर मेंदूला इजा होते, आणि ती भरून येत नाही.

"कोवळ्या उन्हात धरा" हा सल्ला तुम्हाला गल्लीतल्या प्रत्येक घरातून मिळेल. उन्हानं वाढलेलं बिलिरुबिन भरवशानं उतरत नाही, आणि उघडं बाळ एक तर गारठतं नाहीतर भाजतं. गरज पडली तर दवाखान्यातला निळा लाइट लागतो. बाळंतिणीची हळद आणि वरण बंद करण्यातही काही अर्थ नाही. आईच्या ताटातला पिवळा रंग बाळाच्या अंगावर जात नाही. आई उपाशी राहिली तर तिचेच हाल.

आता इथं जरा थांबा, कारण हा सगळा लेख या परिच्छेदासाठी लिहिलाय. चौदा दिवसांनंतरही बाळ पिवळं असेल तर रक्ताची तपासणी करायचीच, आणि त्यात 'डायरेक्ट बिलिरुबिन' आहे ना हे विचारून घ्यायचं. तोवर घरी दोन गोष्टी बघायच्या. तान्ह्या बाळाची शू पाण्यासारखी असते, दुपट्यावर डाग पडत नाही. पिवळा डाग पडायला लागला तर नोंद करा. आणि शी. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी मोहरीच्या पिवळ्या रंगाची, दाणेदार, पातळ असते. कधी हिरवट झाली तरी बिघडत नाही. पण गणपतीच्या शाडूसारखी करडी-पांढरी, खडूसारखी किंवा ताकासारखी फिकी झाली, तर लिव्हरमधलं पित्त आतड्यात उतरत नाही असा त्याचा अर्थ. शीला रंग येतो तो पित्तामुळं.

त्या फोटोतल्या बाळाचं तसंच होतं. पित्तनलिका बंद होत जाण्याच्या या आजाराला बिलियरी अट्रेशिया म्हणतात. मोरिओ कासाई या जपानी सर्जननी १९५० च्या दशकात यावर शस्त्रक्रिया शोधली. बंद नलिका काढून आतड्याचा तुकडा थेट लिव्हरला जोडायचा. ती साठ दिवसांच्या आत झाली तर उपयोग होण्याची शक्यता चांगली असते. जितका उशीर, तितकं लिव्हर घट्ट होत जातं, आणि मग प्रत्यारोपणाशिवाय मार्ग उरत नाही. या आजारातलं बाळ सुरुवातीला गुटगुटीत असतं, हसतं-खेळतं, दूध पितं. म्हणूनच घरचे फसतात. तैवाननं तर २००४ पासून नव्या आईबाबांना शीच्या रंगांचं कार्डच द्यायला सुरुवात केली. आपल्याकडं कार्ड नाही तर नाही, मोबाइल आहे. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता फोटो काढा. त्या बापाच्या तीन फोटोंमुळं मुलाचं ऑपरेशन बावन्नाव्या दिवशी पुण्यात झालं. काविळीचा आकडा उतरायला महिने लागले, पण उतरला. औषधं आणि तपासण्या अजून चालू आहेत.

पायरी ३: रडणं, ओकणं, गुटी

तिसऱ्या आठवड्याच्या आसपास संध्याकाळचं रडणं सुरू होतं. पाय पोटाशी घेऊन, लालबुंद होऊन, तास-दोन तास. सहाव्या आठवड्यात हे सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप थांबतं. वजन वाढतंय, ताप नाही, उलटी हिरवी नाही, तर याला औषध लागत नाही. खांद्यावर घ्या, ढेकर काढा, अंधारात फेऱ्या मारा, हात दुखले की दुसऱ्याकडं द्या. पोटदुखीचे थेंब मात्र जुन्या चिठ्ठीवर किंवा शेजारच्या वैनींच्या सांगण्यावरून आणू नका. त्यातल्या काहींत डायसायक्लोमीन असतं आणि ते सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला चालत नाही, श्वासाला धोका होतो.

गुटीवरून आजीशी भांडण काढू नका, पण ठाम राहा. सहाण कुठल्या पाण्यानं धुतली, वेखंड किती उगाळलं, याचा हिशेब नसतो, आणि पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधापलीकडं पाणीसुद्धा लागत नाही. मध तर वर्षाच्या आत बोटभरही नको. त्यात बोटुलिझमचे जंतू असू शकतात, आणि ते तान्ह्या बाळाच्या आतड्यात रुजून अंग लुळं पाडतात.

दूध प्यायल्यावर घोटभर बाहेर येणं म्हणजे ओघळ, उलटी नव्हे. चार महिन्यांच्या आसपास ते भरात असतं आणि वर्ष-दीड वर्षात संपतं. काळजीचे प्रकार दोन. तीन ते सहा आठवड्यांचं बाळ प्रत्येक पाजण्यानंतर हातभर लांब उलटी फेकतंय आणि लगेच पुन्हा भुकेनं रडतंय, तर जठराचं तोंड आवळलेलं असू शकतं. आणि उलटी पालकाच्या रसासारखी हिरवी असेल, तर आतड्याला पीळ बसल्याची शक्यता धरूनच निघायचं. सकाळच्या ओपीडीची वाट बघू नका, कारण पिळलेलं आतडं काही तासांत काळं पडतं.

पायरी ४: दूध, आणि आपल्या गावचा दुधाचा अभिमान

गंगावेशीत संध्याकाळी म्हशी येतात, समोर धार काढतात आणि फेसाळ ग्लास हातात मिळतो. तालमीतल्या पोरांपासून पेन्शनरांपर्यंत सगळे पितात, मीही प्यायलेय. पण हा अभिमान बाळाच्या वाटीत उतरला की त्रास सुरू होतो. एक वर्षाच्या आत गाई-म्हशीचं दूध मुख्य आहार म्हणून नको. त्यात लोह जवळजवळ नसतं, काही बाळांच्या आतड्यातून थेंब-थेंब रक्त जातं, आणि त्यातली प्रथिनं व क्षार बाळाच्या किडनीला जड जातात. वर्षानंतर दिवसाला अर्धा लिटरपर्यंत ठीक, आणि तेही उकळून. धारोष्ण दूध मुलांना नाहीच. कच्च्या दुधातून जुलाबाचे आणि ब्रुसेलोसिससारख्या तापाचे जंतू येतात.

दुधाच्या भांड्याचीही एक गोष्ट आहे. आपल्याकडं लहान मुलांना लिव्हर सिऱ्होसिस होऊन ती दगावायची. पोट फुगायचं, लिव्हर दगडासारखं लागायचं. १९८० च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की या मुलांच्या लिव्हरमध्ये तांबं साठलेलं असतं, आणि ते बहुधा कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवलेल्या दुधातून गेलेलं असतं. पाण्यात तांबं फारसं उतरत नाही, पण दुधातल्या प्रथिनांना ते चिकटून राहतं. स्टील आलं आणि हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. हल्ली बारशाला पुन्हा तांब्या-पितळेची भांडी आहेर म्हणून येतायत. शोकेसमध्ये ठेवा. बाळाचं दूध स्टीलमध्येच.

सहा महिने पूर्ण झाले की मऊ भात, वरण, नाचणीची खीर, कुस्करलेलं केळं. मीठ-साखर वर्षापर्यंत वरून घालू नये. तांबड्या रश्श्याला तर अजून बराच अवकाश आहे!

पायरी ५: जुलाब

घरात आधीपासून ठेवायचं: ओआरएसची चार पाकिटं, डॉक्टरांनी लिहून दिलेलं झिंक, खुणा असलेलं मापाचं भांडं. जुलाब रात्रीच सुरू होतात आणि मेडिकल तेव्हा बंद असतं.

ओआरएस करण्यात सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून हाताला धरून सांगते. मोठं पाकीट एक लिटरचं असतं, ते पाकिटावर छापलेलं असतं. एक लिटर पाणी उकळून गार करा. मापाचं भांडं नसेल तर २०० मिलीचे पाच ग्लास मोजा. पाकीट पूर्ण रिकामं करा आणि ढवळा. अर्धं पाकीट अंदाजे अर्ध्या तांब्यात घालायचं नाही. घट्ट झालं तर क्षार वाढतात, पातळ झालं तर उपयोग नाही. साखर, दूध, सरबत काही मिसळू नका. झाकून ठेवा, २४ तासांनी उरलेलं ओता आणि नवं करा. चव अश्रूंइतकीच खारट लागली पाहिजे.

द्यायचं किती? दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली, त्यापुढं १०० ते २०० मिली. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरू करा, दर मिनिटा-दोन मिनिटांनी एक चमचा. "दिलेलं सगळं ओकतंय" म्हणणाऱ्या घरात मी स्वतः बसून चमच्यानं पाजलंय. तासाभरात वाटी संपते. ग्लास तोंडाला लावला की मात्र सगळं बाहेर.

याचं मोल किती ते सांगते. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्यानं माणसं मरत होती आणि सलाइन संपलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी ड्रममध्ये भरून कपानं पाजायला लावलं, आणि मृत्यू झपाट्यानं खाली आले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. दुकानातली फळांच्या चवीची गोड टेट्रापॅकं हे ओआरएस नव्हे. त्यात साखर जास्त असते आणि जुलाब वाढतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांवर 'ओआरएस' शब्द वापरायला बंदी घातली, पण मेडिकलवाल्यानं दिलेलं पाकीट उलटून बघायची सवय ठेवा.

झिंक १४ दिवस द्यायचं, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, त्यापुढं २०. अंगावरचं दूध चालू, मऊ भात-दही चालू. "पोटाला आराम" म्हणून उपाशी ठेवलेलं मूल लवकर खंगतं. जुलाब थांबवायची मोठ्यांची गोळी आणि घरात उरलेलं अँटिबायोटिक, दोन्ही नको.

आणि "काय होत नाही ओ, दात येत्यात". दातांनी जुलाब लागत नाहीत. दात येताना मूल दिसेल ते तोंडात घालतं, त्यातून लागतात.

सहा-आठ तास शू नाही, डोळे खोल गेले, रडताना अश्रू नाहीत, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश बसते, मूल पेंगतंय, शीत रक्त आहे: यातलं एक जरी असलं तरी निघा. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर एवढ्याचीही वाट बघायची नाही.

पावसाळ्यात कोल्हापुरात विशेष जपावं लागतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात आपण बघितलंय, पंचगंगा घरात शिरते, मैलापाणी त्यातच मिसळतं आणि नंतर टँकरवर गर्दी होते. पूर ओसरल्यावर नळाला पाणी आलं तरी मुलांचं पाणी उकळूनच. खळखळ उकळी फुटायला हवी, कोमट करून उपयोग नाही. जुलाबांच्या मोठ्या कारणांपैकी एक म्हणजे रोटाव्हायरस. त्याची लस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना तोंडावाटे मिळते, सरकारी दवाखान्यात मोफत.

पायरी ६: थांबून थांबून रडणं

साधारण चार महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत हे लक्षात ठेवा. धडधाकट मूल अचानक किंचाळतं, पाय पोटाशी घेतं, पांढरं पडतं. दोन-तीन मिनिटांत शांत होतं, पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तेच. मधल्या वेळात मलूल. आतड्याचा एक भाग पुढच्या भागात दुर्बिणीच्या नळीसारखा सरकून अडकलेला असतो. जांभळाच्या जेलीसारखी रक्ताळ शी उशिरा येते, तिची वाट बघू नका. सोनोग्राफीत हे दिसतं आणि वेळेत आलात तर गुदमार्गातून हवेच्या किंवा पाण्याच्या दाबानं बहुतेकदा सुटतं, पोट उघडावं लागत नाही. "वात धरलाय" म्हणून पोट चोळणं बंद.

पायरी ७: घट्ट शी

अंगावर पिणारं बाळ सात-आठ दिवस शी करत नाही आणि मग मऊ करतं, त्याला बद्धकोष्ठ म्हणत नाहीत. खरा त्रास दोन-अडीच वर्षांनंतर. एकदा घट्ट शी झाली, चीर पडली, दुखलं, की मूल शी अडवून धरायला शिकतं. पडद्यामागं उभं राहून, पाय आवळून, घामाघूम. आईला वाटतं जोर करतंय, प्रत्यक्षात ते रोखून धरतंय. पुढं पुढं कडेनं पातळ शी चड्डीला लागते आणि घरचे जुलाबाचं औषध आणतात!

दूध कमी करा. मी बघितलेल्या निम्म्या मुलांचं गणित तिथंच सुटलंय. फळं, भाज्या, पाणी वाढवा. जेवणानंतर दहा मिनिटं, पाय पाटावर टेकतील असं शीला बसवा. डॉक्टरांनी दिलेलं शी मऊ करणारं औषध महिनोन्‌महिने लागू शकतं, त्याची सवय लागत नाही. दोन दिवसांत बंद केलं तर पुन्हा पहिल्यापासून.

जंतांचं म्हणाल तर वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि शाळेत मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी चुकवू नका. दात खाणं मात्र जंतांचं लक्षण नव्हे.

पायरी ८: मोठ्या मुलाची कावीळ

ही वेगळी कावीळ. मुलांत बहुधा हिपॅटायटिस ए, दूषित पाण्या-अन्नातून. विषाणू शिरल्यापासून साधारण महिनाभरानं ताप, उलट्या, अन्नावरची वासना जाणं आणि मग गडद शू, पिवळे डोळे. २०१२ साली शेजारच्या इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची मोठी साथ आली होती, ती अनेक घरांना अजून आठवते.

बहुतेक मुलं दोन-चार आठवड्यांत आपली आपण बरी होतात, आणि श्रेय काविळीसाठी घातलेल्या काड्यांच्या माळेला जातं. डोक्यात घातलेली माळ लांबत पायापर्यंत येते कारण काड्या वाळून गाठी सैल पडतात. माळेनं अपाय नाही, खुशाल घाला. पण नाकात सोडायचा रस, पोटावर चटके आणि अनोळखी झाडपाला यांनी मी बिघडलेली मुलं बघितलीत. पथ्याच्या नावाखाली नुसत्या चुरमुऱ्यांवरही ठेवू नका. भूक असेल ते घरचं जेवण, थोड्या तेलासह, चालतं. उसाचा रस लिव्हर धुतो म्हणतात. गाड्यावरचा बर्फ घातलेला रस प्याल तर दुसराच आजार घेऊन याल.

मूल दिवसा झोपून रात्री जागतंय, असंबद्ध बोलतंय, नाका-हिरड्यांतून रक्त येतंय, उलट्या थांबत नाहीत, तर लिव्हर हार मानतंय. तेव्हा बिलिरुबिनच्या आकड्यापेक्षा पीटी-आयएनआर ही रक्त गोठण्याची तपासणी महत्त्वाची. हिपॅटायटिस एची लस वर्ष पूर्ण झाल्यावर घेता येते, ती खासगीत मिळते.

तापाच्या पॅरासिटामॉलनंही लिव्हर बिघडतं, बहुतेकदा मापाच्या चुकीमुळं. डोस वजनावर असतो: दर किलोला १५ मिलिग्रॅम, चार ते सहा तासांच्या अंतरानं, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. पण ड्रॉप्समध्ये एका मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, तर साध्या सिरपच्या पाच मिलीत १२० किंवा २५०. सिरपच्या मापानं ड्रॉप्स पाजले की डोस थेट दुप्पट ते चौपट. बाटलीवरचा आकडा वाचून दाखवल्याशिवाय रात्रपाळीच्या आजीच्या हाती बाटली देऊ नका.

पायरी ९: निघताना

जवळचा बालरोगतज्ज्ञ आधीच ठरवून ठेवा. रात्री-अपरात्री सीपीआर हे आपलं सरकारी रुग्णालय आहे, आणि १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते. पिशवीत डिस्चार्जचा कागद, लसीकरणाचं कार्ड, दिलेल्या सगळ्या औषधांच्या बाटल्या, गुटी आणि झाडपाला दिला असेल तर तोही. लपवू नका, कुणी रागावलं तर ऐकून घ्या. शेवटची शू कधी झाली, वजन किती, उलट्या किती, हे कागदावर लिहून आणा, कारण घाबरल्यावर आठवत नाही. हिरवी उलटी असेल तर पोटात काही घालू नका, तसंच आणा.

आणि शेवटचा लंगोट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून बरोबर घ्या. सिस्टर नाक मुरडणार नाही.